वाढता रक्तदाब आणि थकणारा हृदयस्नायू

बोरिवली किंवा अंधेरी स्थानकाचा पूल वर्षानुवर्षे चढणाऱ्या माणसाला आपल्या दमाची मोजदाद करण्याची गरज वाटत नाही. मग पन्नाशीच्या आसपास कधीतरी तोच पूल त्याला अर्ध्यावर थांबायला लावतो. वय झाले, वजन वाढले, गाडीची दगदग वाढली, अशी कारणे हाताशी असतातच. काही महिन्यांनी रात्री आडवे झाल्यावर खोकला येऊ लागतो, एका उशीच्या दोन होतात, संध्याकाळी पायांतल्या चपला घट्ट वाटतात. अखेरीस तपासणी होते. रक्तदाब १७०/१०० निघतो आणि टू-डी इकोच्या अहवालात हृदयाच्या स्नायूची भिंत जाड झाल्याचे नमूद केलेले असते. घरच्या मंडळींना प्रश्न पडतो, तो असा: 'बीपीची गोळी सहा-सात वर्षांपूर्वी सुरू केली होती, बीपी नॉर्मल आले म्हणून बंदही केली. मग आता हे हृदयाच्या स्नायूचे कुठून निघाले?'

हे चित्र कोणा एका रुग्णाचे नाही. उपनगरांतील कोणत्याही हृदयरोग विभागाला ते परिचयाचे आहे. उच्च रक्तदाबाचा उल्लेख झाला की सामान्यतः पक्षाघात किंवा हार्ट अटॅक आठवतो. परंतु रक्तवाहिनीत गुठळी न होता, छातीत एकदाही कळ न येता, हा विकार हृदयाच्या स्नायूलाच हळूहळू बदलून टाकतो, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. रुग्णाला वर्षानुवर्षे काहीच जाणवत नसते, आणि हा बदल नेमका त्याच काळात घडत असतो. वेळीच लक्ष दिल्यास तो बराचसा मागे फिरवता येतो, म्हणून तो समजून घेणे अगत्याचे ठरते.

हृदयापुढचे ओझे

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. मिनिटाला साधारण पाच लिटर या हिशेबाने दिवसभरात सात हजार लिटरांच्या आसपास रक्त त्यातून पुढे ढकलले जाते. यातले सर्वाधिक कष्टाचे काम डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा डावीकडील खालचा कप्पा, करीत असते. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त महारोहिणीत ढकलायचे, तेही शरीराच्या टोकापर्यंत पोहोचेल इतक्या जोराने, ही तिची जबाबदारी. रक्तदाबाचा वरचा आकडा या आकुंचनाच्या वेळचा असतो. खालचा आकडा दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या वेळी रोहिण्यांत टिकून राहिलेल्या दाबाचा असतो.

महारोहिणीतील दाब ओलांडल्याखेरीज जवनिकेला रक्ताचा थेंबही बाहेर काढता येत नाही. दाब १२० असेल तर तिला १२० च्या पुढे जावे लागते. १७० असेल तर १७० च्या पुढे. रक्त तेवढेच, अंतर तेवढेच, पण प्रत्येक ठोक्याला मोजावे लागणारे श्रम मात्र दीडपटीच्या जवळपास. विसाव्याच्या दिवशी, झोपेत, सहलीत, कुठेही या जादा कामातून सुटका नसते. घरातील पाण्याच्या पंपाला रोज दोन मजले अधिक चढवायला लावले तर त्याची मोटार तापते आणि अखेर जळते. हृदय मोटारीसारखे निर्जीव नसल्याने ते आधी स्वतःला या ओझ्याशी जुळवून घेऊ पाहते. दुखण्याचे मूळ या जुळवून घेण्यातच आहे.

भिंत जाड का होते?

पोकळ कप्प्याच्या भिंतीवर किती ताण येतो, याचा एक साधा नियम भौतिकशास्त्राने सांगितला आहे. आतला दाब वाढला की ताण वाढतो. कप्पा रुंदावला की ताण वाढतो. आणि भिंत जाड झाली की ताण कमी होतो. दाब कमी करणे हृदयाच्या हाती नसते. त्यामुळे ताण आटोक्यात ठेवण्यासाठी ते उरलेला मार्ग पत्करते, भिंत जाड करते. स्नायूच्या पेशींची संख्या यात फारशी वाढत नाही. आहेत त्याच पेशी आडव्या फुगतात, त्यांच्यातील आकुंचन पावणारे तंतू एकाशेजारी एक असे वाढत जातात.

निरोगी प्रौढाच्या डाव्या जवनिकेची भिंत इकोच्या तपासणीत साधारणपणे ६ ते १० मिलिमीटर भरते. दीर्घकाळ दाब चढा राहिला की ती १२, १३, क्वचित त्याहूनही अधिक होते. वैद्यकात याला 'लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी', म्हणजे डाव्या जवनिकेची अतिवाढ, असे नाव आहे. अहवालावर ते 'एलव्हीएच' या तीन अक्षरांत उरकलेले असते. ही अक्षरे वाचून अनेक जण उलट समाधान पावतात. स्नायू जाड झाला म्हणजे मजबूतच झाला की, असे त्यांना वाटते.

ही समजूत चुकीची आहे. व्यायामपटूचे हृदयही थोडे जाड होते. पण तेथे श्रमाचे तास मोजके, विसाव्याचे अधिक असतात, स्नायूबरोबर केशवाहिन्याही वाढतात आणि स्नायूची सैल पडण्याची क्षमता शाबूत राहते. सराव थांबला की वाढ ओसरते. रक्तदाबाने येणारी जाडी निराळी असते. तिच्यात स्नायूपेशींसोबत त्यांच्या मधल्या जागेत कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे साचू लागतात. अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही रक्तदाब चढवणारी संप्रेरकेच या धाग्यांनाही खतपाणी घालतात. परिणामी भिंत जाड होते, तशी ताठही होते.

ताठ भिंतीचे दुष्परिणाम

हृदयाला आकुंचनाइतकेच सैल होणेही आवश्यक असते, कारण सैल झाल्यावरच त्यात रक्त भरते. भिंत ताठ झाली की कप्पा पुरेसा उघडत नाही. रक्त आत घेण्यासाठी मागचा दाब वाढावा लागतो आणि तो फुप्फुसांपर्यंत जाऊन पोहोचतो. बसल्या जागी त्रास नसतो. पूल चढताना, गाडी पकडण्यासाठी धावताना ठोके वाढतात, भरण्याचा अवधी आखडतो आणि दम लागतो. या टप्प्यावर हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची टक्केवारी, म्हणजे इको अहवालातील 'ईएफ', ५५ ते ६० अशी उत्तम असू शकते. 'पंपिंग चांगले आहे' हे वाक्य ऐकून रुग्ण निर्धास्त होतो. पण हार्ट फेल्युअरच्या एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ईएफ सुस्थितीत असते, हे आता प्रस्थापित सत्य आहे.

दुसरा परिणाम रक्तपुरवठ्याचा. स्नायू वाढतो त्या प्रमाणात त्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या वाढत नाहीत. शिवाय हृदयाच्या स्नायूला मुख्यतः विसाव्याच्या क्षणीच रक्त मिळते, आणि ताठ स्नायूचा विसावा अपुरा असतो. भिंतीच्या आतील थराला त्यामुळे प्राणवायूची टंचाई भासते. मोठ्या रोहिण्यांमध्ये अडथळा नसतानाही छातीत जडपणा येऊ शकतो तो यामुळे. तिसरा परिणाम लयीचा. मागचा दाब वाढल्याने डावी कर्णिका ताणली जाते, तिचे ठोके विस्कळित होऊ लागतात, तिच्यात रक्त साकळून गुठळी बनते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. जवनिकेतील धाग्यांच्या जाळ्यामुळे घातक लयबिघाड होऊन आकस्मिक मृत्यूचा धोकाही वाढतो.

अखेरचा टप्पा शरणागतीचा. काही रुग्णांत, विशेषतः जोडीला हार्ट अटॅक, मधुमेह किंवा मद्यपान असेल तर, जाड झालेली भिंत पुढे ताण सोसू शकत नाही. पेशी मरतात, कप्पा रुंदावतो, भिंत पातळ होऊ लागते आणि ईएफ चाळीसच्या खाली घसरते. रुंदावलेल्या कप्प्यावर ताण अधिक, ताणामुळे कप्पा आणखी रुंद, असे दुष्टचक्र सुरू होते.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाने हा दुवा आकड्यांनी दाखवून दिला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात हार्ट फेल्युअर झालेल्यांपैकी ९१ टक्के व्यक्तींना आधीपासून उच्च रक्तदाब होता. उच्च रक्तदाबामुळे हा धोका पुरुषांमध्ये सुमारे दुपटीने, तर स्त्रियांमध्ये सुमारे तिपटीने वाढलेला आढळला.

राष्ट्राध्यक्षांनाही न मिळालेले औषध

उपचारांविना हा विकार कोणत्या वाटेने जातो, याचे इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १६२/९८ नोंदला गेला, १९४१ मध्ये १८८/१०५. त्या काळी वाढत्या वयात दाब वाढणे स्वाभाविक, किंबहुना आवश्यक, मानणारा विचार वैद्यकात प्रबळ होता. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता, हृदय मोठे झाले होते आणि हार्ट फेल्युअरची चिन्हे स्पष्ट होती. डिजिटॅलिस, विश्रांती आणि मीठ कमी, एवढेच उपाय उपलब्ध होते. त्याने तात्पुरता आराम पडला. परंतु दाब खाली आणणारे परिणामकारक औषध तेव्हा जगातील सर्वांत शक्तिशाली माणसालाही मिळू शकत नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी परिस्थिती पालटू लागली आणि त्यात मुंबईचा मोलाचा वाटा होता. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेला पद्धतशीर अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. सर्पगंधेचे गुण भारतीय वैद्यकाला पूर्वापार ठाऊक होते. कोलकात्यातील सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी लिहिलेही होते. मात्र पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले ते डॉ. वकील यांच्या निबंधाने. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या वनस्पतीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, तर १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

रक्तदाब कमी केल्याने रुग्णाचे खरोखर भले होते का, याचा पहिला भक्कम पुरावा १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषधे आणि उरलेल्यांना निव्वळ दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. गंभीर गुंतागुंती औषध न मिळालेल्या गटात २७ जणांत, तर औषध मिळालेल्या गटात अवघ्या २ जणांत उद्भवल्या. त्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. उदासीनतेसारख्या दुष्परिणामांमुळे हे औषध आज मागे पडले आहे. पण रक्तदाबाच्या उपचारांचा पाया घालण्यात त्याचा हात होता, हे विसरता येत नाही.

हृदयस्नायूचा आजार नेमका कशाला म्हणावे?

'कार्डिओमायोपॅथी' या शब्दाचा अर्थ हृदयस्नायूचा विकार. त्याच्या व्याख्येत मात्र गेल्या काही दशकांत बरेच बदल झाले. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कारण अज्ञात असलेल्या विकारांपुरताच हा शब्द राखून ठेवला. १९९५ मध्ये व्याख्या रुंदावली आणि रक्तदाबामुळे होणाऱ्या स्नायूविकारालाही तीत जागा मिळाली. पुढे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये आणि युरोपीय संघटनेने २००८ मध्ये रक्तदाब, झडपांचे दोष आणि रोहिण्यांतील अडथळे यांमुळे होणारा बिघाड या संज्ञेतून पुन्हा वगळला. म्हणूनच एक डॉक्टर 'हायपरटेन्सिव्ह हार्ट डिसीज' असे लिहितात, तर दुसरे 'हायपरटेन्सिव्ह कार्डिओमायोपॅथी'. नाव वेगळे असले तरी आजार तोच असतो. रुग्णाने त्यावरून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

मात्र एक भेद खरोखरच महत्त्वाचा आहे. 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' या आनुवंशिक विकारातही भिंत जाड होते, आणि ती रक्तदाब चढा नसताना. अशा वेळी जाडी बहुधा १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आणि एकाच भागात, विशेषतः दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, जास्त असते. रक्तदाबाने येणारी जाडी सामान्यतः सर्वत्र सारखी आणि १५ च्या आत राहते. मोजमाप सीमारेषेवर असेल तर हृदयाचे एमआरआय, घराण्याचा इतिहास आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणी यांचा आधार घ्यावा लागतो. हा खटाटोप अनाठायी नाही. आनुवंशिक प्रकारात जवनिकेच्या तोंडाशी अडथळा असेल तर रक्तवाहिन्या रुंद करणारी, रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी काही औषधे त्रास वाढवू शकतात. घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी ती यासाठीच.

भारतीयांच्या बाबतीत या विषयाला आणखी एक पदर आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. के. थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. हृदयस्नायूतील एका प्रथिनाची सूचना देणाऱ्या 'एमवायबीपीसी३' या जनुकातील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे, हा दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि त्यांच्यात हृदयस्नायूच्या विकाराचा धोका अधिक असतो. हा दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. अनेक जण उतारवयापर्यंत ठणठणीत राहतात, आणि नंतरच्या संशोधनाने जोडीच्या इतर जनुकीय बदलांकडेही बोट दाखवले आहे. जनुक कोणाला बदलता येत नाही. त्यामुळे अशा हृदयावर वाढत्या दाबाचे दुसरे ओझे पडू न देणे, एवढे तरी माणसाच्या हाती राहते.

स्त्रियांच्या संदर्भात गरोदरपणातील रक्तदाबाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. प्रसूतीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू एकाएकी दुबळा होण्याचा एक प्रकार आहे. गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या स्त्रियांना त्याचा धोका अधिक असतो. बाळंतपणानंतर लागणारा दम आणि पायांवरची सूज 'अशक्तपणा' म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरू शकते.

मिठागरांच्या शहरातले मीठ

मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील सुमारे ३४ टक्के मुंबईकरांचा रक्तदाब चढा आढळला. म्हणजे तिघांमागे एक. त्याच पाहणीत दिवसाला सरासरी ८.६ ग्रॅम मीठ पोटात जात असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा आहे. देशाचे चित्रही वेगळे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या व्यापक अभ्यासात देशातील प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के निघाले.

मुलुंडच्या मिठागर रोडचे नाव आजही भोवतालच्या मिठागरांची आठवण देते. मीठ या शहराला परके नाही. बदलले ते त्याचे ताटातील स्थान. भाजी-आमटीत चवीपुरते पडणारे मीठ आता पाव, फरसाण, वेफर्स, नूडल्स, सॉस, चीज आणि बाहेरून मागवलेल्या जेवणातून न दिसता येते. ताटाच्या डाव्या बाजूचे लोणचे आणि पापड यांचीही गणना त्यात करावयास हवी. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. सैंधव किंवा काळे मीठ 'चालते' हा समजही निराधार आहे; त्यांतही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियममिश्रित कमी सोडियमचे मीठ बऱ्याच जणांना उपयुक्त ठरते, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मिठाखेरीज अन्य कारणेही उपनगरी जीवनक्रमात मिसळून गेलेली आहेत. पहाटेची गाडी आणि रात्रीची उशिराची वापसी यांत झोप अपुरी पडते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडणे हे औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाचे एक सर्वसाधारण कारण आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, रक्तदाब चढवतात आणि आधीच थकलेल्या हृदयाला हार्ट फेल्युअरकडे ढकलू शकतात.

मोजल्याशिवाय कळत नाही

उच्च रक्तदाबाला बहुतेकदा लक्षणे नसतात. 'माझे डोके दुखत नाही, म्हणजे बीपी नाही' हा तर्क म्हणूनच टिकत नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. महापालिकेच्या दवाखान्यांत, तसेच कूपर, राजावाडी यांसारख्या रुग्णालयांत ती सोय आहे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी व तंबाखू टाळावी, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा, मोजताना बोलू नये. जिना चढून आल्याबरोबर घेतलेला आकडा ग्राह्य नसतो. दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा अधिक, तर घरी शांतपणे घेतलेल्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल, तर तो उच्च रक्तदाब समजला जातो. घरी यंत्र असल्यास ते दंडाला बांधण्याचे असावे आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळच्या नोंदी वहीत लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात.

रक्तदाबाचे निदान झाल्यावर ईसीजी काढणे आवश्यकच असते. मात्र ईसीजी सरळ असला तरी स्नायूची जाडी नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती ओळखण्यात टू-डी इको अधिक संवेदनक्षम आहे. अहवालात केवळ ईएफचा आकडा न पाहता भिंतीची जाडी, डाव्या कर्णिकेचा आकार आणि हृदयाच्या सैल होण्याच्या क्रियेबद्दलचा शेरा, या तीन गोष्टींविषयी डॉक्टरांना विचारावे.

गोळी बंद का करू नये?

रक्तदाब नॉर्मल आला म्हणजे विकार बरा झाला, असा अर्थ काढून गोळ्या थांबवणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गोळी चालू असते म्हणून आकडा नॉर्मल असतो. ती थांबली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब पुन्हा चढतो, आणि जवनिकेची भिंत पुन्हा कामाला लागते. 'सवय लागेल' या भीतीलाही अर्थ नाही. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी अंधुक पाहत राहत नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, बदलाची ही दिशा उलटवता येते. रक्तदाब सातत्याने ताब्यात राहिला तर काही महिने ते एक-दोन वर्षांत भिंतीची जाडी कमी होते, आणि जाडी कमी झालेल्या रुग्णांत हृदयविकाराचे प्रसंगही कमी होतात. अँजिओटेन्सिनचा प्रभाव रोखणारी औषधे या कामी विशेष उपयोगी आहेत. म्हातारपणी उपचारांचा काय लाभ, या शंकेला २००८ च्या हायव्हेट अभ्यासाने उत्तर दिले: ऐंशी वर्षांवरील रुग्णांत उपचारांनी हार्ट फेल्युअरचे प्रमाण तब्बल ६४ टक्क्यांनी घटले. २०१५ च्या स्प्रिंट अभ्यासात, अधिक जोखीम असलेल्या पण मधुमेह नसलेल्या ९,३६१ जणांपैकी ज्यांचा वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात १४० चे उद्दिष्ट असलेल्यांच्या तुलनेत हार्ट फेल्युअर सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात, दाब इतका खाली आणताना चक्कर येणे व मूत्रपिंडावर ताण पडणे यांचे प्रमाणही वाढले. म्हणून कोणासाठी कोणता आकडा योग्य, हे वय आणि अन्य आजार पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

स्नायू दुबळा होऊन ईएफ घसरली असली तरी हात टेकण्याचे कारण आता उरलेले नाही. अँजिओटेन्सिनरोधक वर्गातील औषधे, बीटा ब्लॉकर्स, अल्डोस्टेरॉनरोधक आणि मूळची मधुमेहाची म्हणून आलेली एसजीएलटी-२ वर्गातील औषधे, अशा चार प्रकारांच्या एकत्रित वापराने आयुर्मान वाढते आणि रुग्णालयाच्या खेपा कमी होतात. या टप्प्यावर रोज सकाळी वजन करणे हा बिनखर्चाचा पण उत्तम इशारा आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते शरीरात साठलेले पाणी असण्याची शक्यता असते. डॉक्टरांशी त्याच दिवशी संपर्क साधावा. रात्री एकाएकी दम कोंडून उठून बसावे लागणे, गुलाबी फेसाळ कफ पडणे किंवा छातीत दाटून येणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधांबरोबर चालण्याचीही जोड हवी. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे, मग ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असो वा सोसायटीच्या आवारात, रक्तदाब काही अंशांनी उतरवते. कमरेचा घेर कमी झाला, मद्य व तंबाखू सुटली, जेवणातले मीठ आवरले, तर गोळ्यांची मात्राही डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होऊ शकते. मात्र हा क्रम उलटा करू नये. आधी आकडा ताब्यात यावा, मग गोळी कमी व्हावी.

रूझवेल्ट यांच्या काळात आजार ओळखता येत होता, पण औषध नव्हते. आज औषध गल्लीच्या टोकावरील दुकानात मिळते आणि अनेक गोळ्यांची किंमत दिवसाला एका वडापावापेक्षाही कमी पडते. स्थानकाचा पूल चढताना अर्ध्यावर थांबावे लागण्याची वेळ येण्यापूर्वीची दहा-बारा वर्षे हृदय निमूटपणे ओझे वाहत असते. त्या काळात दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटे स्वस्थ बसण्याची आणि लिहून दिलेली गोळी न चुकता घेण्याची तयारी असेल, तर हृदयस्नायूला थकण्याची वेळ बहुतांशी येणारच नाही.